उणे ९ ची सकाळ आणि मध्येच सुरू होणारं इंजिन

कॅनडात मिसिसॉगा शहरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाकडे टोयोटाची आरएव्ही-४ प्राइम आहे. बॅटरी विजेच्या प्लगवर भरायची, ती संपली की पेट्रोलवर, अशी प्लग-इन हायब्रिड. घेताना हिशोब सरळ होता. बॅटरी १८.१ किलोवॅट-तासाची, म्हणजे आपल्याकडच्या वीजबिलाच्या भाषेत १८ युनिटांची. कॅनडाच्या सरकारी आकड्यानुसार पूर्ण भरलेल्या बॅटरीवर ६८ किलोमीटर. वहिनी हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, हॉस्पिटल घरापासून १४ किलोमीटरवर. जाऊन-येऊन २८. वर बाजार, मुलांचे क्लास धरले तरी पेट्रोलच्या टाकीला हात लावायचं कारण नव्हतं, आणि उन्हाळाभर लावावा लागलाही नाही.

डिसेंबर लागला आणि सकाळी इंजिन सुरू व्हायला लागलं. बॅटरी भरलेली, गाडी विजेवर निघालेली, आणि पाच-दहा मिनिटांत पेट्रोलचं इंजिन घरघरायला लागायचं. रोज झालं असतं तर थंडीचा परिणाम म्हणून सोडून दिलं असतं, पण ते कधी व्हायचं, कधी नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी झाली, बिघाड कुठलाच नाही असं सांगून गाडी परत दिली गेली. मग प्रकरण माझ्याकडे आलं, कारण गाड्यांची हवा गार-गरम करणाऱ्या यंत्रणांवर मी काम करतो. सुरुवात चाकणला केली, आता ओंटारियोत, म्हणजे दादाच्याच प्रांतात आहे.

फोनवर वहिनींनी तक्रार मांडली ती अशी: "भाऊजी, तुमचे दादा चालवतात तेव्हा इंजिन गप्प असतं. मी बसले की दहा मिनिटांत सुरू. मी वेगळं काय करते, ते एकदा सांगा तरी."

मागून दादाचा आवाज आला, "अरे, ती हीटर २६ वर लावते. २० वर ठेव म्हणून कितीदा सांगितलं."

"बारा तासांची ड्युटी करायला जाते मी. कुडकुडत जाऊ का?"

इथे एक गोष्ट आधीच सांगतो. मराठी घरांमध्ये थंडीत गाडीचा हीटर हा काटकसरीचा विषय होतो आणि चालवणाऱ्याने सोसावं असं सहज सुचवलं जातं. मला ते मान्य नाही. गारठलेल्या बोटांनी आणि धुरकट काचेतून गाडी चालवणं धोक्याचं आहे. त्यामुळे वहिनी नीट गरम गाडीत बसतील हे धरूनच इंजिन का सुरू होतं ते शोधायचं, असं मी दोघांनाही सांगितलं.

भिंतीवरचं कालनिर्णय

पहिलं काम नोंदीचं. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाच्या खाड्यांसारख्या त्याच्या चौकोनांत आम्ही रोज चार गोष्टी लिहायच्या ठरवल्या: सकाळचं तापमान, कोणी चालवलं, काचेवर बाष्प धरलं का, इंजिन सुरू झालं का. दादा चार वाक्यं लिहायचा, वहिनी चार अक्षरं. दोन्ही चाललं.

काही दिवसांनी पान बघितलं तर त्यात दोन वेगळे प्रकार मिसळलेले दिसले.

उणे ११, उणे १३, उणे १५ अशा दिवशी कोणीही चालवलं तरी इंजिन सुरू होत होतं. याचं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत होतं. बाहेर साधारण उणे १० सेल्सियसच्या खाली तापमान गेलं आणि हीटर चालू असला की इंजिन सुरू होऊ शकतं. कारण या गाडीत केबिन तापवायला हीट पंप आहे. आपल्याकडचा एसी घरातली उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप तेच चक्र उलटं फिरवून बाहेरच्या गार हवेतली उष्णता आत आणतो. एक युनिट वीज खर्चून दीड-दोन युनिटांची उष्णता मिळू शकते, म्हणून तो नुसत्या कॉइलच्या हीटरपेक्षा परवडतो. पण बाहेरची हवा जितकी गार, तितकी तिच्यातून उष्णता ओढणं अवघड. एका मर्यादेनंतर गाडी इंजिनाची मदत घेते, कारण इंजिन जाळलेल्या पेट्रोलचा मोठा भाग उष्णतेतच घालवतं.

गंमत अशी की मिसिसॉगाच्या विमानतळावर जानेवारीतलं सरासरी किमान तापमान उणे ९ च्या आसपास असतं. म्हणजे गाडीची मर्यादा आणि तिथली नेहमीची सकाळ यांच्यात जेमतेम एका अंशाचं अंतर. एक दिवस उणे ८, दुसऱ्या दिवशी उणे ११. माणसाला दोन्ही सारखेच कडाक्याचे वाटतात, गाडीला नाहीत. दादाचं लहानपण निफाडला गेलं. तिथे पारा ५-६ वर उतरला की पेपरात बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. उणे ८ आणि उणे ११ यांतला फरक अंगाला कळण्याची सवय आपल्यापैकी कोणाला असणार?

दुसरा प्रकार जास्त विचार करायला लावणारा होता. उणे ४, उणे ६, उणे ७ अशा दिवशी दादा चालवत असेल तर इंजिन गप्प, वहिनी असतील तर सुरू. आणि वहिनींच्या अशा प्रत्येक चौकोनात बाष्पाची खूण होती.

सहा वाजून वीस मिनिटं

हे प्रत्यक्ष बघायचं म्हणून एका सकाळी मी वहिनींच्या शेजारी बसलो. रात्री बर्फ पडलं होतं. बूट झटकले तरी तळव्यात अडकलेलं बर्फ पायपुसणीवर आलंच. गाडी निघाली, आवाज नाही. हीटर २४ वर. दोन चौक गेले आणि समोरच्या काचेच्या खालच्या कडेला पांढरी झाक आली. ती वर सरकायला लागली. वहिनींनी हातमोज्याने एकदा पुसली, ती परत आली. मग त्यांचा हात आपोआप समोरच्या काचेच्या डीफ्रॉस्टच्या बटणाकडे गेला. बटण दाबलं आणि काही क्षणांत इंजिन सुरू झालं.

ते बटण या गाडीत नुसतं हवेची दिशा बदलत नाही. समोरची काच लवकरात लवकर स्वच्छ झाली पाहिजे, म्हणून गाडी हाताशी असलेली सगळी उष्णता मागते, त्यात इंजिनही आलं. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आणि इंजिन एकदा सुरू झालं की बटण परत दाबून लगेच थांबत नाही. धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंशांपर्यंत तापल्याशिवाय धूर नीट शुद्ध करत नाही, त्यामुळे तो तापेपर्यंत गाडी इंजिन चालू ठेवते. वहिनींनी काच स्वच्छ झाल्याबरोबर बटण बंद केलं. इंजिन पुढे बराच वेळ चालूच राहिलं.

मी बटणांच्या रांगेकडे बघत होतो. आतलीच हवा फिरवण्याच्या बटणावरचा दिवा लागलेला होता.

"वहिनी, हे तुम्ही लावलं?"

"नाही हो. ते कायम तसंच असतं. तुमचे दादा लावून ठेवतात. बाहेरची गार हवा आत घेऊन परत तापवायची कशाला, म्हणतात."

प्रकरणाची गाठ इथे होती. दादाचं गणित उष्णतेपुरतं चुकीचं नाही. आतलीच हवा फिरवली तर तापवायला कमी ऊर्जा लागते. पण आतली हवा ओली असते. आपला श्वास, पायपुसणीवर वितळणारं बर्फ, ओले कोट, हे सगळं पाणी हवेत जातं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. ती हवा उणे ६ च्या काचेला लागली की तिथे बाष्प धरतं. हिवाळ्यातली बाहेरची हवा मात्र गार असली तरी कोरडी असते. आत घेऊन तापवली की काच सुकवते. दादा बहुतेक दुपारी चालवायचा, तेव्हा गाडी उन्हात थोडी तापलेली आणि बूट कोरडे असायचे. पहाटे गोठलेल्या गाडीत ओल्या बुटांनी बसणाऱ्या वहिनींच्या वाट्याला ते बाष्प यायचं, त्या बटण दाबायच्या आणि वीज वाचवण्याच्या युक्तीने पेट्रोल जळायचं.

संध्याकाळी हे दादाला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग वहिनींना म्हणाला, "बरं, २६ वर लाव तू." वहिनी म्हणाल्या, "२२ पुरतं मला, काच साफ असली की."

तीन मिनिटांच्या इंजिनाने काय बिघडतं

कोणी म्हणेल, चाललं इंजिन पाच-दहा मिनिटं, थोडं पेट्रोल गेलं, एवढं काय? पेट्रोलच्या पैशांपुरतं बोलायचं तर खरंच फार नाही. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची होती.

गोठलेलं इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त फवारतं, कारण गार पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. जळताना तयार झालेलं पाणीही गार इंजिनात तेलात मिसळतं. इंजिन पूर्ण तापून अर्धा-एक तास चाललं तर हे दोन्ही उडून जातं. तीन-चार मिनिटं चालून थांबलं, संध्याकाळी परत तेच, दुसऱ्या दिवशी परत, असं आठवडेच्या आठवडे झालं तर ते उडून जायला संधीच मिळत नाही. धुराचंही तसंच: कन्व्हर्टर तापण्याआधीची पहिली एक-दोन मिनिटं सगळ्यात घाणेरडी असतात, आणि आपण रोज तेवढीच मिनिटं इंजिन चालवत राहतो. म्हणून प्लग-इन हायब्रिड असलेल्या कोणालाही मी हेच सांगतो: इंजिन अजिबात सुरू होऊ देऊ नका, नाहीतर सुरू झालं तर नीट तापेपर्यंत चालू द्या. अधलंमधलं टाळा.

अजिबात सुरू होऊ न देण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे निघण्याआधी, प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून ठेवणं. केबिन कोरडी होते, काच तापलेली असते, बाष्प धरत नाही, डीफ्रॉस्टचं बटण दाबायची वेळ येत नाही. बॅटरीचे दोन-तीन किलोमीटर वाचतात ते वेगळे, पण माझ्या मते हा फायदा दुय्यम आहे.

प्लग लावूनही बॅटरी का उतरते

मोबाइलवरून गाडी आधी गरम करायची सोय दादाला माहीत होती. एकदा करून बघून त्याने सोडून दिली होती. कारण विचारलं तर म्हणाला, "अरे, प्लग लावलेला असून बॅटरी १०० ची ९७ झाली. भिंतीची वीज घेतच नाही ती."

घेते, पण भिंत कमी देते. उत्तर अमेरिकेतलं साधं घरगुती सॉकेट १२० व्होल्टचं, सर्किट १५ अँपियरचं. तासन्‌तास चालणाऱ्या उपकरणाने सर्किटच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये असा नियम आहे, म्हणून गाडी १२ अँपियर घेते. १२० गुणिले १२, म्हणजे १४४० वॅट. आपल्या घरच्या गीझरपेक्षाही कमी. सुरुवातीला गोठलेली केबिन तापवताना गाडीला याहून बरीच जास्त वीज लागते, आणि उरलेली ती बॅटरीतून घेते.

लागते किती, याचा ढोबळ हिशोब सांगतो. केबिनमधली हवा जेमतेम चार किलो. ती उणे ९ वरून २१ वर न्यायला एका युनिटाचा तिसावा भाग पुरतो. म्हणूनच पाच मिनिटांत तोंडावर ऊब येते आणि गाडी गरम झाली असं वाटतं. पण सीट, डॅशबोर्ड, काचा, दरवाज्यांची अस्तरं, पायपुसण्या मिळून सहज शंभर किलो सामान गोठलेलं असतं. ते सगळं २५ अंशांनी वर न्यायला पाऊण युनिट लागतं, शिवाय तेवढ्या वेळात काचांमधून आणि पत्र्यातून बाहेर जाणारी उष्णता. मिळून एक युनिटाच्या वर. हीट पंपामुळे यातली काही वीज वाचते, गार हवेत चालणारे पंखे-पंप ती परत खातात. वीस मिनिटांत भिंतीतून येतं अर्धं युनिट. बाकीचं अर्धं बॅटरीचं. १८ युनिटांतलं अर्धं युनिट म्हणजे ३ टक्के. दादाने बघितलेला ९७ चा आकडा बरोबर तिथला होता.

पाच मिनिटांची ऊब फसवी असते हे या हिशोबातूनच कळतं. हवा गरम, पण काच गोठलेलीच. श्वास सोडला की बाष्प धरणार. आधी गरम करायचं तर पंधरा-वीस मिनिटं द्यायला हवीत, म्हणजे काचेत आणि डॅशबोर्डमध्ये उष्णता मुरते. दोन टप्प्यांत, म्हणजे आधी एकदा तापवून, मध्ये बॅटरीला सावरायला वेळ देऊन परत तापवावं, अशीही कल्पना दादाने काढली. करून पाहिलं. मधल्या वेळात गाडी इतकी निवते की विशेष उरत नाही. निघण्याच्या वेळेला संपणारा एकच सलग टप्पा सगळ्यात बरा.

फ्रीझर, एक्स्टेंशन आणि रात्रीचे दर

कालनिर्णयावर मध्येच एखाद्या दिवशी दादाच्या अक्षरात "बॅटरी अर्धीच भरली" असं होतं. गॅरेजमध्ये गेलो. तिथे सायकली, बर्फ उपसायची फावडी आणि एक जुना डीप फ्रीझर. गाडी बाहेर ड्राइव्हवेवर. फ्रीझर आणि गाडीचं सॉकेट एकाच सर्किटवर. गाडी १२ अँपियर घेत असताना फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की कधीकधी ब्रेकर पडायचा, आणि पहाटेपर्यंत कोणाला पत्ता नसायचा. त्यात गाडीची केबल पोचत नाही म्हणून मध्ये एक बारीक एक्स्टेंशन वायर. रात्री चार्जिंग चालू असताना तिच्या प्लगला हात लावला तर चांगलाच गरम. प्लास्टिकला एका पिनेजवळ तपकिरी डाग पडला होता.

ती वायर मी तिथल्या तिथे काढून टाकली. बहुतेक कंपन्या चार्जिंगला एक्स्टेंशन वापरू नका म्हणतात, त्याचं कारण हाच डाग. साध्या उपकरणावर क्षणभर १२ अँपियर जाणं वेगळं आणि रात्रभर, रोज जाणं वेगळं. केबल का पोचत नव्हती? या गाडीचं चार्जिंगचं तोंड उजव्या बाजूला मागे आहे आणि दादा गाडी सरळ आत घालायचा. रिव्हर्समध्ये लावली की गाडीबरोबर आलेली केबल गॅरेजच्या दाराखालून आरामात पोचते. फ्रीझर दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटवर गेला.

कॅनडात गाडीला वीज जोडणं काही आजचं नाही, हे त्यांना सांगितलं तेव्हा दोघांना नवल वाटलं. विनिपेग, सॅस्काटून, एडमंटन या गोठणाऱ्या शहरांत साध्या पेट्रोल गाड्यांच्या पुढच्या जाळीतून प्लग लोंबताना दिसतो आणि पार्किंगमध्ये सॉकेटचे खांब असतात. तो प्लग इंजिन ब्लॉक गरम ठेवणाऱ्या हीटरचा. शेजारच्या अमेरिकेत, नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्रू फ्रीमन यांनी इंजिनाच्या बोल्टच्या जागी बसणारा असा हीटर बनवला आणि १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. तिथले लोक रात्रभर वीज जाळण्याऐवजी टायमर लावून निघण्याआधीचे काही तासच तो चालवतात. आमच्या गाडीलाही हीच वेळेची शिस्त हवी होती.

दादा संध्याकाळी सहाला घरी आला की प्लग लावायचा आणि चार्जिंग लगेच सुरू. ओंटारियोत १ मे २०२३ पासून रात्रीच्या विजेचा एक खास दर निवडता येतो: रात्री ११ ते सकाळी ७ वीज अतिशय स्वस्त, सुरू झाला तेव्हा युनिटला २.४ सेंट, पण आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ९ त्याच्या दहापट. त्यांनी हा दर घेतलेला होता, आणि गाडी बरोबर सगळ्यात महाग वेळात भरत होते. वर चार्जिंग मध्यरात्रीच संपायचं आणि बॅटरी पुढे सहापर्यंत गारठत बसायची.

लिथियम-आयन बॅटरी गारठली की तिच्यातला द्रव दाटतो, आतला रोध वाढतो, ती वीज जोरात देऊ शकत नाही आणि जोरात घेऊही शकत नाही. शून्याखाली जोरात चार्ज केली तर लिथियमचा थर बसून कायमचं नुकसान होतं, म्हणून ब्रेक मारल्यावर परत मिळणारी वीजही गाडी सकाळी कमी घेते. हिवाळ्यात ६८ चे ४५ होतात त्याला हीटरबरोबर ही गारठलेली बॅटरीही जबाबदार. गाडीच्या वेळापत्रकात चार्जिंगसाठी निघण्याची वेळ भरता येते. आम्ही ६:२० भरली. चार्जिंग अकरानंतर सुरू होऊन पहाटे संपतं. १२० व्होल्टवर ते इतकं सावकाश चालतं की चार्जिंगनेच बॅटरी तापेल अशी आशा करू नये. पण प्लग जोडलेला असेल तर फार थंडीत बॅटरीला ऊब द्यायचं काम भिंतीच्या विजेवर होतं, आणि चार्जिंग संपवून तासन्‌तास पडून राहण्यापेक्षा हे नक्कीच बरं.

वीज पुरते का? वहिनींच्या जाण्यायेण्याला हिवाळ्यात आठेक युनिटं लागतात. चार्जिंगमधली घट धरून भिंतीतून साडेनऊ. १.४४ च्या वेगाने सात तासांत दहा. पुरते.

आता सकाळ कशी असते

सहाला गाडी गरम व्हायला सुरुवात होते. वहिनींचा डबा आणि चहा होईपर्यंत समोरच्या काचेवरचं बर्फ सैल होतं. ते मऊ ब्रशने लोटायचं, गरम पाणी ओतायचं नाही. इकडे नवीन आलेले काही जण ओततात आणि काच तडकवून घेतात. बूट दाराच्या चौकटीवर आपटून आत घ्यायचे. पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट रबरी पायपुसण्या घातल्या आहेत, आठवड्यातून दोनदा त्या ओतायच्या. हवा बाहेरून घ्यायची. आतली हवा फिरवण्याचं बटण हिवाळाभर बंद. तापमान २२. सीट आणि स्टिअरिंगचे हीटर मात्र बिनदिक्कत लावायचे, कारण ते अंगाला थेट ऊब देतात आणि सगळी केबिन तापवण्याच्या तुलनेत अगदी थोडी वीज घेतात.

उणे १० च्या वरच्या सकाळी इंजिन सुरू होणं यानंतर जवळपास थांबलं. चौकोनांत बाष्पाच्या खुणा दिसेनाशा झाल्या.

एक सूचना मी त्यांना दोनदा केली. हिमवादळाच्या रात्री दादा सामान सरकवून गाडी गॅरेजमध्ये घेतो. त्यांची गाडी प्लगवर गरम होताना विजेवर चालते, पण काही प्लग-इन हायब्रिड मोबाइलवरून गरम करायला सांगितलं की कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू करतात. दार बंद असलेल्या, घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चाललं तर कार्बन मोनॉक्साइड भिंतीपलीकडच्या खोलीत पोचतो, आणि त्याला वास नसतो. ओंटारियोत अशा घरांना त्याचा अलार्म बसवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यांच्याकडे होता, बॅटरी संपलेली होती. ती आधी बदलली. आपली गाडी कुठल्या प्रकारातली आहे हे पुस्तिकेत वाचल्याशिवाय बंद गॅरेजमध्ये हे बटण कोणीही दाबू नये.

उणे १८ ला

जानेवारीच्या शेवटी पारा उणे १८ ला गेला तेव्हा वहिनींनी आदल्या रात्री फोन केला. "भाऊजी, उद्या इंजिन सुरू होणारच ना? मग हीटर बंद करून जाऊ का?"

"अजिबात नाही. वहिनी, उद्या इंजिन तुम्हीच सुरू करा."

अशा दिवशी हीट पंपाचा जोर संपलेला असतो आणि प्लगवरचं तापवणंही अपुरं पडतं. तरी ते करायचंच, कारण काच निदान शून्याच्या आसपास येते. पण पुढे चालताना विजेचा हट्ट धरला तर इंजिन सुरू-बंद होत राहील, म्हणजे पुन्हा तेच अधलंमधलं. त्यापेक्षा निघतानाच गाडीचं बटण दाबून हायब्रिड मोडमध्ये, म्हणजे इंजिन आणि बॅटरी मिळून चालवतात त्या पद्धतीत, घ्यायची. त्यांच्या वाटेवर हायवे ४०३ चा तुकडा आहे; तिथे इंजिनावर सलग भार पडतो, ते पूर्ण तापतं आणि त्याची फुकट जाणारी उष्णता केबिनला मिळते. बॅटरीतली वीज संध्याकाळच्या शहरातल्या गर्दीसाठी शिल्लक राहते, जिथे ती सगळ्यात कामाची. दादाला हे पेट्रोल खटकतं. वर्षातून अशा सकाळी थोड्याच येतात, आणि नव्वद टक्के प्रवास विजेवर होत असेल तर त्या सकाळी इंजिन नीट तापून चालणं गाडीलाही मानवतं.

परतीचा प्रश्न उरतो. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये प्लग नाही, गाडी बारा तास उघड्यावर. तिथे बॅटरीवर गरम करायची का? दादाचं मत नको, अर्धं युनिट जाईल. माझं मत करावी, पाच-सात मिनिटं, वहिनी लिफ्टने खाली येऊन गाडीपर्यंत चालत येतील तेवढा वेळ. सकाळी निघताना भरलेल्या बॅटरीत परतीपुरतं भरून उरतं, आणि दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला स्वच्छ काच मिळते. वहिनींनी आमच्या दोघांचं ऐकून घेतलं आणि त्या रोज गरम करतात.

आता २४० व्होल्टचं सर्किट घ्यायचं ठरलंय. पहिल्या इलेक्ट्रिशियनने ५० अँपियरचं, भल्या किमतीचं सुचवलं होतं. त्यांच्या गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा आहे; २४० व्होल्टवर त्याला १४ अँपियरही लागत नाहीत. ८० टक्क्यांचा नियम धरूनही २० अँपियरचं सर्किट पुरतं. पुढेमागे पूर्ण इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार असेल तर भिंतीतली वायर जाड टाकून घ्यावी, एवढंच मी सुचवलं. परवानाधारक माणसाकडून काम आणि विजेच्या कामांची सुरक्षितता बघणाऱ्या इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीकडे नोंद, या दोन गोष्टींत तडजोड करायची नाही. ते झालं की भिंतीतून येणारी वीज दुपटीहून जास्त होईल, आणि उणे ९ च्या सकाळी वीस मिनिटं गाडी गरम केल्यावरही बॅटरीचा आकडा १०० वरच राहायला हवा.